१८७० च्या दशकातलं कँटरबरी (न्यूझीलंड): मेंढ्या रेल्वेने बाजारात न्यायच्या तर आधी काय काय करावं लागे?

नदीकाठ

एक दीर्घकथा लिहितेय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा कँटरबरी प्रांत, ब्रिटिश वसाहतीचा काळ, रकाया नदीच्या दक्षिणेला एक शेत, तीनशे मेरिनो मेंढ्या. साल १८७२, महिना नोव्हेंबर. आत्ताचा आराखडा असा:

सोमवारी लोकर कातरली. मंगळवारी खरजेच्या औषधाच्या हौदात सगळ्या बुडवून काढल्या. त्याच संध्याकाळी प्रवासात उपाशी राहू नयेत म्हणून भरपूर हिरवा चारा घालून जवळच्या स्टेशनात आगगाडीत चढवल्या. गाडी रातोरात क्राइस्टचर्चला. बुधवारी सकाळी अ‍ॅडिंग्टनच्या बाजारात विक्री. मालक त्याच गाडीच्या पहिल्या वर्गात.

यात कुठे कुठे गडबड आहे? खरूज हा कथेचा कणा आहे, त्यामुळे हौदाचं वर्णन तपशिलात लागेल: औषध काय, किती, कसं. आणि इतका त्रास करून रेल्वेनेच का न्यायच्या, चालवत का नाही, हेही सांगा.

रूळपट्टी

पहिली गडबड सालाची. १८७२ साली रकायाच्या दक्षिणेला रूळच नव्हते.

क्रम असा. न्यूझीलंडची पहिली सार्वजनिक रेल्वे १ डिसेंबर १८६३ ला क्राइस्टचर्च ते फेरीमीड धावली. फेरीमीड हा हीथकोट नदीवरचा धक्का. बंदर होतं लिटल्टनला, पण मधे पोर्ट हिल्सचे डोंगर. माणसं डोंगरावरच्या पायवाटेने यायची आणि अवजड माल लहान जहाजांतून समुद्रमार्गे वळसा घालून, सम्नरचा वाळूचा दांडा ओलांडून नदीत शिरायचा. डिसेंबर १८६७ मध्ये लिटल्टनचा २.६ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि फेरीमीडचा फाटा चार वर्षांतच निकामी ठरला.

दक्षिणेकडे: रोलस्टन १८६६, सेल्विन १८६७. मग गाडी सेल्विनलाच थांबून राहिली. रकाया गाठलं १८७३ ला, अ‍ॅशबर्टन १८७४ ला, टिमारू फेब्रुवारी १८७६ ला. क्राइस्टचर्च ते डनीडन सलग गाडी थेट सप्टेंबर १८७८ मध्ये. अ‍ॅडिंग्टनचा गुरांचा बाजारही १८७४ चा, म्हणजे १८७२ मध्ये तोही नाही.

१८७२ च धरून ठेवायचं असेल तर मेंढ्या रकाया नदीतून पार करून सेल्विनपर्यंत चालवाव्या लागतील. आणि नोव्हेंबर हा त्यासाठी वाईट महिना. वायव्येचा गरम वारा सुटला की पश्चिमेच्या पर्वतरांगेवर पाऊस पडतो आणि बर्फ वितळतं. मैदानात कोरडं ऊन, आकाश निळं, आणि नदी मात्र भरून वाहतेय. रकायाला एक पात्र नाही, गोट्यांच्या रुंद पट्ट्यातून वेणीसारखे अनेक प्रवाह जातात आणि ते जागा बदलतात. काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज मेंढी वाहून जाते. लोकर न कातरलेली असेल तर आणखी बिकट, भिजलेली लोकर तिला खाली ओढते.

माझं मत: कथा १८७५-७६ च्या उन्हाळ्यात न्या. रकायाला पूल आहे, अ‍ॅशबर्टनला स्टेशन आहे, बाजार आहे. अ‍ॅशबर्टन ते क्राइस्टचर्च सुमारे ५४ मैल.

रुळांच्या रुंदीचंही लक्षात ठेवा. कँटरबरी प्रांताने सुरुवात ५ फूट ३ इंचांनी केली, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच कमी. पण १८७० मध्ये सगळ्या वसाहतीसाठी ३ फूट ६ इंच ठरलं आणि दशक संपायच्या आत कँटरबरीचे रूळही अरुंद झाले. तुमची कथा नेमकी या बदलाच्या धांदलीत येते. निरुपयोगी झालेली रुंद रुळांची इंजिनं आणि डबे ऑस्ट्रेलियाला विकले. त्यातला काही माल घेऊन लिटल्टनहून अ‍ॅडलेडला निघालेलं ‘हैद्राबाद’ नावाचं जहाज जून १८७८ मध्ये उत्तर बेटाच्या वायटारेरे किनाऱ्यावर रुतलं. कथेशी संबंध नाही, पण नाव वाचून राहवलं नाही.

लोकरकात

आता हौद. इथे तुमचा सोमवार-मंगळवार-बुधवार पूर्ण मोडावा लागेल, कारण खरजेचं वेळापत्रक माणूस ठरवत नाही, किडा ठरवतो.

मेंढीची खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, सोरोप्टीस. तो कातडीत बिळं करत नाही, वरच राहतो. त्याच्या उपद्रवाने कातडीतून लस पाझरते, ती वाळून पिवळट खपली धरते, लोकर सुटून लोंबते. खाज इतकी की मेंढी कुंपणाचे खांब घासून काढते, खाणं सोडते. संशयित मेंढीची पाठ बोटांनी खाजवली की ती ओठ चाळवते, जीभ आतबाहेर करते. ही खूण कथेत वापरा, अनुभवी मेंढपाळ तीच बघेल.

अंड्यापासून नवी मादी अंडी घालेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस. त्या काळची औषधं किडे मारत, अंडी नाही. म्हणून एकदा बुडवून भागत नाही. पहिल्या बुडवणीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी: सगळी अंडी फुटलेली असावीत, पण नव्या माद्या अंडी घालायला लागलेल्या नसाव्यात. ही दुसरी बुडवणी आळसाने पुढे ढकलली की पहिलीचा सगळा खर्च पाण्यात.

कातरणीच्या दुसऱ्या दिवशीही बुडवायचं नाही. कात्रीच्या जखमा ओल्या असतात. सोमलाचं (आर्सेनिकचं) औषध असेल तर जखमेतून विष थेट अंगात जातं. जखमा भरेपर्यंत, आठ-पंधरा दिवस थांबायचं. मात्र लोकर फार वाढूही द्यायची नाही. कातरलेली मेंढी अंगावर दोनएक लिटर औषध घेऊन बाहेर पडते, पूर्ण लोकरीची त्याच्या दुप्पट-तिप्पट. तीनशेला सहाशे लिटर नुसतं अंगावर जाणार, हौदात उरावं लागतं ते वेगळं.

औषधं तीन.

चुना-गंधक. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने पक्कं केलेलं प्रमाण १०० गॅलन पाण्याला २४ पौंड गंधक आणि ८ पौंड कळीचा चुना. १८७० च्या दशकात प्रत्येक शेताचा हात वेगळा, पण अंदाजाला हे धरा. चुना थोड्या पाण्यात विरवून लापशी करायची, त्यात गंधकाची पूड चाळून मिसळायची, मग पाणी घालून किमान दोन तास उकळायचं, सतत ढवळत. रंग पिवळ्यावरून गडद तपकिरी झाला की झालं. त्यानंतरची पायरी लोक चुकवतात: रात्रभर निवळू द्यायचं आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी हौदात घ्यायचं. तळाचा गाळ गेला तर चुना लोकर खातो, ती खरखरीत आणि ठिसूळ होते, आणि खरेदीदार भाव पाडतो.

तंबाखू-गंधक. १०० गॅलनला सुमारे २१ पौंड तंबाखूची पानं आणि १६-१७ पौंड गंधक. तंबाखू उकळायची नाही. नुसती गरम पाण्यात मुरवायची, कारण उकळीने निकोटिन वाफेबरोबर निघून जातं आणि उरतं ते रंगीत पाणी. गंधक वेगळं कालवून शेवटी घालायचं आणि ढवळत राहायचं, ते विरघळत नाही, तळाशी बसतं. लोकरीला हे चुन्यापेक्षा सौम्य. पण हौदाशी दिवसभर उभ्या माणसांना मळमळ, चक्कर ठरलेली.

सोमल. स्वस्त आणि जोरदार. धोका हौदात कमी, नंतर जास्त: अंगावरून निथळलेलं पाणी गवतावर पडतं आणि तेच गवत मेंढ्या खातात.

हौदातलं पाणी कोमट, ३८ ते ४३ अंश सेल्सिअस. थंड औषध खपलीत शिरत नाही. प्रत्येक मेंढी दोन ते तीन मिनिटं आत आणि डोकं एकदा तरी पूर्ण बुडलं पाहिजे. आता हिशोब करा: एका वेळी एकच मेंढी मावेल असा हौद असेल तर तीनशेला किमान दहा तास नुसते बुडवण्याचे. म्हणून मोठ्या शेतांवर लांब पोहणीचा हौद असे. एका टोकाला सरळ उतार, दुसऱ्या टोकाला चढायला पट्ट्या, काठावर आकड्याची काठी घेतलेला माणूस, आणि पुढे निथळायला उतरत्या फरशीचा कोंडवाडा, ज्यातलं पाणी हौदात परत येतं.

बुडवण्याआधी मेंढ्यांना पाणी पाजलेलं आणि विश्रांती दिलेली हवी. तहानलेली मेंढी औषध पिते. धापा टाकणारी ते फुफ्फुसात ओढते. काम दुपारपर्यंत संपवायचं म्हणजे थंडी पडायच्या आत अंग वाळतं. कँटरबरीत दक्षिणेचा वारा तासाभरात तापमान पाडतो. नुकत्या कातरलेल्या, ओल्या मेंढ्या अशा रात्री कोपऱ्यात ढिगाने मेलेल्या सापडतात.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या कथानकाला सोन्यासारखी आहे. उन्हाळ्यात लोकर आखूड असताना खरूज दबते, संपत नाही. किडे जांघेत, कानात, डोळ्याखालच्या खळग्यात, शेपटीखाली तग धरतात. जानेवारीत कळप स्वच्छ दिसतो. मे-जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, लोकर वाढली की खरूज उसळते, तोवर मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात. बाजारात फसवणूक अशीच व्हायची, कधी जाणूनबुजून, कधी अज्ञानाने.

नदीकाठ

हे सगळं हवंच होतं. साल बदलते. पण मग सरकारी तपासनीस कशाला असत? आणि दुसऱ्या बुडवणीनंतर लगेच गाडीत चढवता येईल का?

लोकरकात

तपासनीस याचसाठी. खरुजेचे कायदे प्रांतिक सरकारपासूनच होते, १८७८ मध्ये सगळ्या वसाहतीचा मेंढी कायदा आला. बाधित कळप हलवायला बंदी, मालकाला दंड, आणि स्वच्छ ठरवण्याआधी पुन्हा तपासणी. दोनदा बुडवलं म्हणजे सुटला असं नाही, काही काळ थांबून परत बघायचे. त्यामुळे तुमच्या कळपात खरूज खरोखर निघालेली असेल तर तो त्या हंगामात सरळमार्गाने बाजारात जात नाही. तुमचा मालक आडमार्गाने नेतोय का, हे तुम्ही ठरवा.

दंडाने सगळे सुधारले असंही नाही. उत्तर कँटरबरीत ग्लेनमार्क नावाचं प्रचंड मेंढवाडं होतं. मालक जॉर्ज हेन्री मूर, बेटावरच्या सर्वात श्रीमंतांपैकी, आणि कळपातल्या खरजेमुळे टोपणनाव ‘स्कॅबी मूर’, म्हणजे खरुजा मूर. दंड भरत राहणं त्याला परवडत होतं. (याच ग्लेनमार्कच्या दलदलीत मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांचा मोठा साठा मिळाला, तो १८६० च्या दशकात.) न्यूझीलंडमधून खरूज पूर्ण गेली ती १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात.

जुनी वाघीण

गाडीत चढवण्याचं मी सांगतो. ‘भरपूर हिरवा चारा घालून’ हे वाक्य पहिलं काढा.

भरल्या पोटाची मेंढी वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, हगते-मुतते, फळ्या निसरड्या होतात, एक घसरली की दुसऱ्या तिच्यावर. बाकीच्यांची लोकर बरबटते. म्हणून आदल्या रात्री कोरड्या कोंडवाड्यात ठेवायच्या. पाणी द्यायचं, हिरवं बंद. बारा तास पुरतात. दिवसभराहून जास्त उपाशी ठेवलं की वजन उतरतं आणि मग बाजारात काय विकणार? गाभण, दिवस भरत आलेल्या मेंढ्यांना असा उपास आणि धावपळ झेपत नाही, त्या आडव्या पडतात आणि उठत नाहीत. त्यांना गाडीत घालायचंच नाही. तुमच्या तीनशेमध्ये कसायासाठीचे खच्ची मेंढे असावेत, वयाने सहादाती किंवा पूर्ण दाती, आणि काही म्हाताऱ्या मेंढ्या. माजावर असलेले मेंढे वेगळ्या वाघिणीत. नाहीतर धडका.

चढवताना: अरुंद गल्ली, तिच्या शेवटी वाघिणीच्या तळाशी जुळणारा उतार. उतार आणि वाघीण यांच्यात फट राहिली की पाय अडकून मोडतो, म्हणून फळी टाकायची. बाजूच्या भिंती भरीव असाव्यात, फटीतून उजेड-सावल्या दिसल्या की मेंढी बुजते. पुढे एक सवयीची मेंढी सोडली की बाकीच्या मागे जातात. कुत्रं गल्लीच्या मागच्या टोकाला, उताराजवळ नाही. लोकर धरून ओढायचं नाही. धरलं तिथे कातडीखाली रक्त साकळतं आणि सोलल्यावर कसायाला काळा डाग दिसतो.

किती भरायच्या? कातरलेल्या, चाळीस-पन्नास किलोच्या मेंढीला पाव ते तीन दशांश चौरस मीटर. वाघिणीचा तळ चार बाय दोन मीटर धरला तर सत्तावीस ते बत्तीस. सैल भरल्या तर प्रत्येक धक्क्याला सगळ्या एका टोकाला जाऊन चेंगरतात. खूप घट्ट भरल्या तर पडलेली उठू शकत नाही. आणि धक्के बसणारच. सगळ्या डब्यांना एकत्र लागणारा हवेचा ब्रेक तेव्हा मालगाड्यांना नव्हता. इंजिनाचा ब्रेक लागला की मागच्या वाघिणी एकामागून एक पुढच्यांवर आदळत. पुढे मेंढ्यांसाठी खास दुमजली, चार चाकी वाघिणी आल्या, पण १८७६ च्या जानेवारीसाठी तुम्ही एकमजलीच लिहा. तीनशेला दहा-बारा वाघिणी. लहान स्टेशनात इतक्या रिकाम्या मिळत नाहीत, आधी कळवून ठेवावं लागतं. कथेत दोन खेपा दाखवल्या तरी चालेल.

रातोरात नको. त्या काळी अशा मार्गावर दिवसाची मिश्र गाडी, पुढे वाघिणी, मागे एक-दोन प्रवासी डबे, प्रत्येक स्टेशनात वाघिणी जोडणं-सोडणं. ५४ मैलांना चार तास धरले तरी कुणी हरकत घेणार नाही.

खरजेचा धागा इथेही आहे. किडा मेंढीशिवाय दोन आठवड्यांपर्यंत जगू शकतो. खांबाला अडकलेली लोकर, कोंडवाड्याची फळी, वाघिणीची फट, कुठेही. चालत गेलेला बाधित कळप वाटेवरच्या कुंपणांना लावतो, वाघिणीतून गेलेला पन्नास मैलांवर पुढच्या माणसाच्या कळपाला लावतो. वाघीण खरवडून, धुऊन, चुना मारून मगच भरून घेणारा मालक दाखवलात तर तो जाणता ठरेल.

पायवाट

जरा विरोधी सूर. तीनशे मेंढ्यांसाठी रेल्वेच फायद्याची असं गृहीत धरू नका. चालवत नेल्या तर दिवसाला आठ-दहा मैल, म्हणजे अ‍ॅशबर्टनहून सहा-सात दिवस. एक माणूस, दोन चांगली कुत्री. वाटेत चरत गेल्या तर अंग टिकवून पोहोचतात, आणि मालाचं भाडं वाचतं. रेल्वे खरी उपयोगी पडते ती दोन वेळा: वाटेवरचं गवत करपलेलं असताना आणि चरबीवर आलेला माल आजच्या भावाला आज विकायचा असताना. तयार मेंढा आठवडाभर चालला की चरबी वाटेतच उतरते. विकत घेऊन पोसायला न्यायच्या मेंढ्या त्यानंतरही बरीच वर्षं रस्त्यानेच हिंडत होत्या.

चालवताना खुरांकडे बघा. मेरिनो कोरड्या गोटाळ मैदानाची आणि डोंगराची मेंढी. क्राइस्टचर्चच्या आसपासच्या ओलसर, दलदलीच्या कुरणात ठेवली की खूर कुजतात. लंगडणं, गुडघ्यांवर टेकून चरणं, आणि नाकाला झोंबणारा वास. उपाय: सुटलेलं, पोखरलेलं खूर धारदार चाकूने कापून मोकळं करायचं, मग मोरचुदाच्या पाच ते दहा टक्के द्रावणात पाय, त्यानंतर तासभर कोरड्या फळ्यांवर उभं करायचं. लगेच चिखलात सोडल्यावर औषध धुतलं जातं. कापलेले तुकडे जाळायचे. बाजाराच्या आदल्या दिवशी खूर कापू नका, लंगडी मेंढी कोण घेणार?

जुनी वाघीण

मान्य, ‘गवत करपलंय’ हे एक वाक्य टाकलं की जानेवारीत रेल्वेचं कारण मिळतं.

रूळपट्टी

मालकाचा प्रवास राहिला. दोनच वर्ग, पहिला आणि दुसरा. मेंढ्यांबरोबर जाणारा शेतकरी दुसऱ्यात बसला तर जास्त खरं वाटेल, पण मोठा जमीनदार असेल तर पहिला ठीक. डब्यात दिवा तेलाचा, शौचालय नाही, थांब्यावर उतरून घ्यायचं. खिडकी उघडी तर काजळी, बंद तर घाम. घड्याळ सगळीकडे एकच दाखवा: न्यूझीलंडने नोव्हेंबर १८६८ मध्येच सगळ्या वसाहतीसाठी एक प्रमाणवेळ लावली, ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढे. पैसे पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड.

‘एक्स्प्रेस’ हा शब्द १८७६ च्या कथेत नको. ती १८७८ ला आली, क्राइस्टचर्च ते डनीडन सुमारे २३० मैल, अकराएक तास. पहिल्या गाडीला जोडलेलं अमेरिकन बनावटीचं इंजिन के ८८, ‘वॉशिंग्टन’, नंतर नदीकाठी भराव म्हणून टाकून दिलं होतं. ते उकरून काढून दुरुस्त केलं आणि आज अ‍ॅशबर्टनजवळ टिनवाल्डच्या जुन्या गाड्यांच्या रेल्वेत आहे. फोटो बघा, त्या पिढीच्या इंजिनाचा तोंडवळा कळेल.

नदीकाठ

शेवटचा प्रश्न. कातरलेली लोकर त्याच गाडीने जाईल का? आणि गोठवलेल्या मांसाची जहाजं दाखवता येतील?

लोकरकात

लोकर मेंढ्यांच्या आधीच निघते. कातरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, मेंढ्या तुमच्या नव्या हिशोबाने जानेवारीच्या शेवटी. कातरणीच्या दिवशी मेंढीच्या अंगावर दव किंवा पाऊस असेल तर थांबायचं. ओली लोकर गाठोड्यात दाबली की आतून तापते, पिवळी पडते, कुजते. गाठोडी ताडपत्रीखाली उघड्या वाघिणीत, बोगद्यातून थेट लिटल्टनच्या धक्क्यावर. ताडपत्री पावसासाठी आणि तितकीच इंजिनाच्या ठिणग्यांसाठी.

गोठवलेलं मांस नको, ते १८८२ चं. त्या फेब्रुवारीत ‘डनीडन’ हे शिडाचं जहाज पोर्ट चामर्सहून सुमारे पाच हजार धडं घेऊन लंडनला गेलं. ओमारूजवळच्या टोटारा इथे कापलेल्या मेंढ्या पोर्ट चामर्सपर्यंत रेल्वेनेच नेल्या होत्या. क्राइस्टचर्चजवळचा बेलफास्टचा कारखाना १८८३ चा. तोवर म्हाताऱ्या मेंढीला गिऱ्हाईक नसलं की तिची चरबी उकळून काढायची, मेणबत्त्या आणि साबणासाठी. तुमच्या कळपातल्या न विकल्या गेलेल्या मेंढ्यांचं काय करायचं, याचं १८७६ मधलं उत्तर हेच. परत नेण्याचं भाडं त्यांच्या किमतीच्या मानाने जड पडायचं.